चणकापूरचे पाणी आणि गळाची शर्यत

गेल्या भाद्रपदात, धरण काठोकाठ भरले आहे असे कानावर आल्यामुळे ते पाहून यावे एवढ्याच हेतूने अभोण्याच्या पुढे चणकापूरच्या बांधावर गेलो असता, कळवणच्या महाविद्यालयात शिकणारा माझा एक पुतण्या बरोबर होता. आणि समोर एवढे पाणी पसरले असताना हा मुलगा हातातल्या मोबाइलमध्येच डोके घालून बसला आहे हे पाहून मी त्याला हटकणार, तोच त्याने तो मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावरही पाणीच होते. अमेरिकेतील एका विस्तीर्ण सरोवरावर पहाटेच्या धुक्यात यंत्रांच्या नावा ओळीने उभ्या होत्या, इशारा होताच त्या एकामागून एक सुटल्या, आणि दिवस कलल्यावर त्यांतील माणसे पाण्याने भरलेल्या पिशव्यांतून जिवंत मासे घेऊन मंचावर चढली. मासे काट्यावर ठेवले गेले, वजन पुकारले गेले, आणि सर्वांत जड भरलेल्या माशांच्या धन्याला भल्या मोठ्या रकमेचा धनादेश मिळाला. पुतण्या म्हणाला, "काका, या लोकांचा हाच धंदा आहे. आपल्याकडे एवढं पाणी आहे, मग आपल्याकडे असं का नको?"

त्या वेळी मी त्याला काही उत्तर दिले नाही, कारण प्रश्न थिल्लर नव्हता. ज्या तालुक्यात कांद्याचा भाव पडला की घराघरांतील हिशेब कोलमडतो, आणि ज्या तालुक्याच्या डोंगरपट्टीतील आदिवासी कुटुंबे हंगाम आला की बिऱ्हाड पाठीशी बांधून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरतात, त्या तालुक्यातील तरुणाने चणकापूरच्या किंवा पुनंदवरील अर्जुनसागरच्या पाण्याकडे पाहून यातून आपल्या माणसांना दोन पैसे कसे मिळतील असे विचारावे, यात गैर ते काय? म्हणून ते उत्तर आज जरा विस्ताराने आणि सर्वांच्या समक्ष देत आहे.

गळाने मासा धरण्याचा खेळ परदेशी, तो आपल्या मातीत रुजणार नाही, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येणार नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणच्या, चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, ज्याच्याकडे मराठीचे अभ्यासक आपल्या भाषेचे जुने शब्द शोधण्यासाठी वारंवार वळतात. त्या ग्रंथात राजाने करावयाच्या विनोदांमध्ये 'मत्स्यविनोद' हे एक स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्यात दोर, गळ, आमिष व माशांच्या जाती यांचा विचार एखाद्या शास्त्रासारखा केलेला आहे. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईजवळच्या पवई तलावावर गळकऱ्यांची संघटना उभी राहिली आणि तिचा वारसा राज्याच्या नावाने आजही चालू आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीर माशाची पैदास करून तो मासा नामशेष होण्यापासून वाचविण्याचे मोठे काम केले आहे. तेव्हा विनोद जुना आहे, आपलाही आहे. फरक इतकाच की मानसोल्लासातील विनोद राजाचा होता, आणि पाणीही राजाचेच होते. आज पाणी कुणाचे, हा प्रश्न त्या ग्रंथकर्त्याला पडण्याचे कारण नव्हते. आपल्याला मात्र तो टाळता येणार नाही.

पुतण्याने दाखविलेल्या त्या माशाचे नाव वॉलआय. उत्तर अमेरिकेच्या थंड, गोड्या पाण्यातील हा शिकारी मासा. त्याच्या डोळ्याच्या आत मांजराच्या डोळ्यात असतो तसा प्रकाश परतविणारा पडदा असल्यामुळे गढूळ पाण्यात आणि मावळतीच्या अंधुक उजेडात त्याला भक्ष्य दिसते, आणि त्याच्यावर उजेड पडला की तो डोळा निखाऱ्यासारखा चमकतो. मिनेसोटा राज्याने १९६५ साली त्याला आपला राज्यमासा ठरविले. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून त्याच्या व्यावसायिक स्पर्धा भरू लागल्या. १९८९ मध्ये 'प्रोफेशनल वॉलआय ट्रेल' नावाची मालिका सुरू झाली, आणि २०१३ पासून 'नॅशनल वॉलआय टूर' चालू आहे. या स्पर्धांचे स्वरूप सांगायला सोपे आहे: ठरलेल्या संख्येचे, बहुधा पाच, मासे धरावयाचे, ते नावेतल्या हवा खेळविलेल्या हौदात जिवंत ठेवावयाचे, आणि ठरलेल्या वेळेच्या आत काट्यापाशी हजर करावयाचे. पण ज्याला यावर पोट भरावयाचे आहे त्याला नाव, यंत्र, पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखविणारी ध्वनियंत्रणा, प्रवेशशुल्क आणि शेकडो मैलांचा प्रवास हे सारे पदरमोड करून किंवा एखाद्या उत्पादकाचा आश्रय मिळवून उभे करावे लागते, हे मोबाइलच्या चार मिनिटांच्या चित्रात दिसत नाही.

पैसा आला की काट्यावरचा विश्वास हीच खरी ठेव होऊन बसते. २०२२ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस ओहायोतील क्लीव्हलंड येथे, ईरी सरोवरावरील अशाच एका स्पर्धेत, सुमारे २८ हजार डॉलरच्या बक्षिसासाठी आणलेले मासे दिसण्याच्या मानाने फारच जड भरू लागले म्हणून संचालकाने सर्वांसमक्ष ते चिरले, तेव्हा त्यांच्या पोटातून शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांच्या मांसाचे काप निघाले. पुढच्या वर्षी त्या दोघा स्पर्धकांना न्यायालयाने दहा दिवसांचा कारावास दिला, त्यांची नाव जप्त केली आणि तीन वर्षांसाठी त्यांचे परवाने रोखले. या प्रकरणाची जगभर फार चर्चा झाली. मला त्यापेक्षा दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते: त्या देशात १९५० साली झालेल्या एका कायद्याने गळाच्या साहित्यावरील कराचा पैसा राज्यांनी माशांच्या संवर्धनावरच खर्चावा असे बंधन घातले. गळ टाकणारा हौशी माणूस परवान्यापोटी आणि साहित्यापोटी जो पैसा मोजतो, तो फिरून पाण्याकडेच येतो.

परंतु वॉलआयची कथा एवढ्यावर संपत नाही, आणि मी हा लेख लिहावयास बसलो तो तिच्या उत्तरार्धासाठीच. ज्या सरोवरांवर या शर्यती होतात त्यांपैकी पुष्कळांच्या काठी पिढ्यानपिढ्या ओजिब्वे नावाची आदिवासी जमात राहत आली आहे. वसंतात बर्फ वितळला की अंडी घालण्यासाठी वॉलआय उथळ पाण्यात येतो. अशा रात्री टेंभे घेऊन होड्यांतून जावयाचे, उजेडात डोळे चमकले की त्या ठिणगीवर भाला मारावयाचा, ही त्यांची पिढीजात रीत. विस्कॉन्सिनमधील त्यांच्या एका वस्तीला फ्रेंच व्यापाऱ्यांनी 'टेंभ्यांचे सरोवर' असे नाव दिले, आणि ते आजही रूढ आहे. (आपल्या पश्चिम पट्ट्यात मृगाच्या पहिल्या पावसात रात्री टेंभा किंवा बॅटरी घेऊन ओढ्याकाठी खेकडे धरणारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणण्यास फारसे कष्ट पडणार नाहीत.) १८३७ आणि १८४२ च्या तहांनी ओजिब्वेंनी आपली अफाट भूमी सरकारच्या हवाली केली, परंतु त्या भूमीवर शिकार करण्याचा, मासे धरण्याचा आणि रानातले वेचण्याचा हक्क आपल्याकडे राखून ठेवला. हा हक्क कागदावर राहिला आणि प्रत्यक्षात शंभरांहून अधिक वर्षे त्या जमातीची माणसे स्वतःच्याच तळ्यावर चोर ठरून पकडली जात राहिली.

१९८३ साली एका संघीय अपील न्यायालयाने विस्कॉन्सिनमधील ओजिब्वेंचा हक्क जिवंत असल्याचे मान्य केले, आणि मग जे घडले ते आपण नीट वाचले पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, वसंताच्या रात्री हे लोक भाले घेऊन धक्क्यावर येत तेव्हा समोर शेकडोंचा जमाव उभा असे; शिव्याशाप होत, दगड फेकले जात. जमावाचे म्हणणे असे की आमच्या खेळाचा आणि पर्यटनाचा मासा हे लोक संपवून टाकतील. वास्तविक ओजिब्वेंनी १९८४ मध्येच आपल्या निरनिराळ्या गटांचे मिळून एक मंडळ स्थापन केले होते, जीवशास्त्रज्ञ नेमले होते, कोणत्या सरोवरातून किती मासे काढावयाचे याची मर्यादा आधी ठरत होती, आणि रात्री धक्क्यावर येणारा प्रत्येक मासा मोजून त्याची नोंद होत होती. किनाऱ्यावर ओरडणाऱ्या जमावापैकी कुणाच्याही माशाची एवढी काटेकोर नोंद होत नसे. १९९९ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिनेसोटातील मिल लाक्स या प्रसिद्ध वॉलआय-सरोवराच्या प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की १८३७ चा तो हक्क अबाधित आहे. एकच मासा, एकासाठी तो बक्षीस, दुसऱ्यासाठी अन्न आणि वडिलोपार्जित वतन, आणि कायद्याने अखेर दुसऱ्याचा हक्क मानला, पण तोवर दीडशे वर्षे लोटली होती.

पुतण्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर इथून सुरू होते. १९३० च्या सविनय कायदेभंगात महाराष्ट्रात जे जंगल सत्याग्रह गाजले त्यांत बिळाशी, संगमनेर, चिरनेर, पुसद यांच्या बरोबरीने कळवणचे नाव शालेय पुस्तकांत येते, आणि आपण ते अभिमानाने वाचतो. पण त्या सत्याग्रहाचा गाभा काय होता याचा विचार क्वचितच करतो. रानातले गवत आणि लाकूड, जे आजवर आपले होते, ते सरकारी हुकमाने एका दिवसात परके झाले, आणि ते पुन्हा घेतल्याबद्दल दंड होऊ लागला, याविरुद्ध ती माणसे उठली होती. मग त्याच तालुक्यात, इंग्रजी अमदानीत बांधलेल्या चणकापूर धरणाच्या आणि त्यानंतर झालेल्या धरणांच्या पाण्यातील मासा कुणाचा, हा प्रश्न गवत-लाकडाच्या प्रश्नाहून निराळा कसा? या पाण्याचे आवर्तन कळवण-देवळ्याच्या शेतांना मिळते, मालेगावसारख्या मोठ्या शहराची तहान त्यावर भागते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्या वाट्याला त्या पाण्यातून काय आले, याचा जमाखर्च आजवर कुणी मांडलेला नाही.

कायदा आज त्यांच्या बाजूने आहे, आणि हे मोठ्याने सांगावयास हवे. कळवण, सुरगाणा आणि पेठ हे तीनही तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींच्या स्वाधीन करावे असे सांगितले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांच्या यादीत पाणवठ्यांतील मासे आणि इतर उत्पन्न यांचा स्पष्ट शब्दांत समावेश केला. मोठ्या जलाशयांना या तरतुदी कितपत लागू पडतात यावर वकील वाद घालतील. परंतु कायदेमंडळाचा रोख कोणत्या दिशेला आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात मात्र जलाशयातील मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेच्या नावे निघतो आणि जाळे, बर्फ, टेम्पो व आगाऊ रक्कम व्यापाऱ्याची असते. सभासद स्वतःच्याच संस्थेच्या पाण्यात किलोमागे ठरलेल्या मजुरीवर जाळे ओढतो. असा कारभार महाराष्ट्रातील पुष्कळ तलावांवर चालतो, हे मत्स्यव्यवसायाशी संबंध असलेला कुणीही सांगेल. अशा तलावावर उद्या शर्यत भरली तर तिचा नफाही त्याच वाटेने जाईल.

हे बदलता येते, याचा दाखला दूर शोधावयास नको. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले, महादेव कोळी कुटुंबांच्या जमिनी बुडाल्या; 'शाश्वत' या संस्थेच्या साहाय्याने त्याच कुटुंबांनी मासेमारीची सहकारी संस्था उभारली, नावा चालवावयास आणि जाळी टाकावयास ती शिकली, पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पिके घेऊ लागली, आणि २०१२ साली या कार्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींच्या संघाने १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे जलाशयातील मासेमारीचा कारभार स्वतः पाहिला; पुढे त्यांचा ठेका संपला आणि तो पुन्हा मिळाला नाही, ही त्या कथेतील दुःखाची बाजूही विसरता कामा नये, कारण मुदतीच्या ठेक्यावर उभा राहिलेला हक्क मुदत संपताच कसा निराधार होतो हे तिने दाखविले. आणि वाटपाची शिस्त म्हणावी तर ती आमच्या गिरणा-मोसमच्या खोऱ्याला शिकविण्याची गरजच नाही: फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला केव्हा द्यावयाचे, हे हवालदार, पाटकरी आणि जागल्या यांच्या देखरेखीखाली लाभधारकच ठरवीत आले, आणि त्यासाठी त्यांना सरकारी दप्तराची वाट पाहावी लागली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: चणकापूरवर किंवा अर्जुनसागरवर गळाची स्पर्धा अवश्य व्हावी, पण तत्पूर्वी त्या पाण्यातील माशांवरचा धरणकाठच्या आदिवासी कुटुंबांचा पहिला हक्क ग्रामसभांच्या ठरावाने आणि शासनाच्या लेखी मान्यतेने कायम व्हावा, आणि स्पर्धेचा यजमान त्यांची संस्थाच असावी. प्रवेशशुल्क तिच्या खात्यात जमा व्हावे. काटा तिचा असावा आणि त्यावरची नोंद तिच्या सभासदांनी चारचौघांत करावी. बाहेरून येणाऱ्या हौशी मंडळींच्या राहण्याजेवणाची सोय काठच्या घरांत व्हावी. आणि येणाऱ्या रकमेचा ठरावीक भाग मत्स्यबोटुकली सोडण्यासाठी बाजूला काढून ठेवावा, जेणेकरून गळकऱ्याचा पैसा फिरून पाण्यात येईल. यंत्राच्या नावा नकोत, कारण हे पिण्याचे पाणी आहे. काठावरून टाकलेला गळ पुरेसा आहे, आणि त्यात गावातल्या मुलाला आणि शहरातल्या श्रीमंताला सारखीच संधी मिळते. काळ मार्गशीर्ष-पौषाचा असावा, कारण ऊन तापू लागले की पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि हाताळलेला मासा परत सोडला तरी जगत नाही. अमेरिकेतही उन्हाळी स्पर्धांनंतर सोडलेले वॉलआय मोठ्या संख्येने दगावतात. पावसाळा तर वर्ज्यच, कारण तो विणीचा काळ.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो मी सहज झटकून टाकणार नाही. सप्तशृंगीच्या गडाच्या छायेतील या तालुक्यात माळकरी, शाकाहारी अशी माणसे थोडी नाहीत, आणि पोटासाठी मासा मारणे समजते, पण खेळासाठी त्याच्या तोंडात गळ रुतवणे समजत नाही, असे ती म्हणतील. मला त्यांच्या म्हणण्यात तथ्य वाटते. म्हणूनच परदेशी स्पर्धांचे 'धरा आणि सोडा' हे तत्त्व जसेच्या तसे उचलण्याच्या मी विरुद्ध आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे जलाशयात बहुतांशी बोटुकली सोडूनच वाढविलेले असतात. ते पैसे देऊन आणलेले धन आहे, तेव्हा काट्यावर चढलेला असा मासा संस्थेने त्याच संध्याकाळी काठावर विकावा आणि तो कुणाच्या तरी ताटात जावा, हे त्याला जखमी करून परत सोडण्यापेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटते. जो मासा या पाण्यात आपणहून वाढतो आणि ज्याची संख्या थोडी आहे, त्याला मात्र स्पर्धेतून वगळावे. आणि गेळाच्या फळाने ओढ्यातील मासे गुंगविण्याची जुनी रीत जिथे मागे पडली, तिथे सुरुंग आणि विजेची तार आली आहे. एका घावात डोहातील लहानथोर सारे जीव मारणाऱ्या त्या प्रकाराला आळा घालावयाचा तर पाण्यावर नजर ठेवणारा, त्या पाण्याचा धनी म्हणून उभा राहणारा माणूस काठावर असावा लागतो. धनीपणाशिवाय राखण होत नाही. ठेकेदाराच्या मजुराकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

त्या दिवशी बांधावरून खाली उतरून आम्ही पाण्याच्या कडेने चालत गेलो, तेव्हा बुडालेल्या बाभळीजवळ एका दगडावर एक म्हातारा बसलेला होता. त्याच्या वाडवडिलांचे शेत याच पाण्याखाली आहे असे त्याने आम्हाला हाताने दिशा दाखवून सांगितले. त्याच्याजवळ काठी नव्हती की यंत्र नव्हते. तेलाच्या रिकाम्या डब्यावर गुंडाळलेला तंगूस, त्याच्या टोकाला एक गळ, आणि ओल्या फडक्यात बांधलेल्या चार-पाच लहान बेडक्या. "पानी गढूळ व्हयनं का मासा कडले येस," तो म्हणाला, आणि बेडकी गळाला लावून हात मागे नेला, पण टाकला नाही. समोर दहा हातांवर पाण्याचा एक तुकडा उकळल्यासारखा हलत होता. नीट पाहिल्यावर दिसले की बोटाच्या पेराएवढ्या लालसर पिलांचा दाट थवा श्वास घेण्यासाठी वर येतो आहे आणि पुन्हा खाली जातो आहे, आणि त्याच्याखाली एक काळी, जाडजूड पाठ संथपणे फिरते आहे. मरळ होती. पिलांवर पहारा करणारी मरळ समोर पडेल त्यावर तुटून पडते, त्यामुळे तिला धरण्यास कसलेच कौशल्य लागत नाही. पुतण्या हळूच म्हणाला, "बाबा, टाका ना, इथंच आहे." म्हाताऱ्याने नुसती मान हलविली, बेडकी गळावरून सोडवून फडक्यात ठेवली, तंगूस डब्यावर गुंडाळला आणि उठून वीस-पंचवीस पावले पलीकडच्या दगडावर जाऊन बसला. थोड्या वेळाने पाहतो तो पुतण्या मोबाइल खिशात घालून त्याच्या शेजारी उकिडवा बसला होता, आणि गळाला गाठ कशी मारतात ते विचारीत होता.